सावलीतील अक्षर: अंकीय प्रतिमा आणि असमान प्रकाशाचे निवारण



लोकशाही राज्यकारभारात कागदाचे महत्त्व किती मोठे आहे, हे गावच्या महसुली दप्तराशी किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरशी ज्यांचा संबंध येतो त्यांना वेगळे सांगावयास नको. जमिनीवरील हक्क, वारसाची नोंद, जन्मतारीख, जातीचा पुरावा या साऱ्या गोष्टी अखेर कोठल्या तरी जुन्या पानावरील एका ओळीशी येऊन ठेपतात. ती ओळ वाचता आली तर हक्क सिद्ध होतो. ती वाचता आली नाही, तर खऱ्या हक्कदारालाही रिकाम्या हाताने परतावे लागते.

ही जुनी पाने आता झपाट्याने प्रतिमांच्या रूपात जतन होऊ लागली आहेत. महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या सुविधेद्वारे जुन्या भूमी अभिलेखांच्या प्रतिमा नागरिकांना पाहण्यासाठी खुल्या करण्यात आल्या आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ साली ‘अभिलेख पटल’ या नावाने आपला संग्रह जनतेपुढे ठेवला. मोठ्या कार्यालयांत या कामासाठी खास यंत्रे असतात. परंतु ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा एखाद्या घरच्या पेटीतील दस्तऐवजाच्या बाबतीत ‘यंत्र’ म्हणजे बहुधा हातातील मोबाइल फोनच असतो. खिडकीतून तिरपा येणारा उजेड, छायाचित्र घेणाऱ्याच्या हाताची पडलेली सावली, जाड बांधणीच्या वहीच्या मधल्या घळीतील अंधार, यांमुळे पानाचा एक भाग लख्ख आणि दुसरा काळवंडलेला अशी प्रतिमा तयार होते. या दोषाचे स्वरूप काय, त्याचे निवारण कोणत्या तत्त्वावर होते आणि त्या निवारणाची मर्यादा कोठे आहे, या तीन प्रश्नांचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे.

प्रतिमा म्हणजे अंकांचा तक्ता

संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र हा केवळ अंकांचा तक्ता असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल किर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली किर्श यांच्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरविले, तेव्हा त्या प्रतिमेत १७६ आडव्या ओळी आणि प्रत्येक ओळीत १७६ बिंदू होते. म्हणजे अवघ्या ३०,९७६ बिंदूंची ती प्रतिमा होती. आज साध्या फोनने घेतलेल्या छायाचित्रातही लक्षावधी बिंदू असतात. या बिंदूंना पिक्सेल असे म्हणतात.

कृष्णधवल प्रतिमेतील प्रत्येक बिंदूला सामान्यतः ० ते २५५ यांमधील एक अंक दिलेला असतो. ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा आणि मधले अंक म्हणजे करड्या रंगाच्या पायऱ्या. हा अंक त्या बिंदूची तीव्रता दर्शवितो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. हा अंक कागद किती पांढरा आहे हे सांगत नाही. कागदावर किती प्रकाश पडला आणि त्यांपैकी किती कॅमेऱ्याकडे परत आला, हे तो सांगतो. पडलेला प्रकाश आणि पृष्ठभागाची परावर्तनशक्ती या दोहोंचा तो गुणाकार असतो. पुढील सारे विवेचन या एका गुणाकाराभोवती फिरते.

डोळ्याला जाणवत नाही, कॅमेऱ्याला चुकत नाही

पुस्तक खिडकीजवळ धरून वाचणाऱ्याला पानाचा अर्धा भाग सावलीत आहे हे क्वचितच जाणवते. याचे कारण माणसाची दृष्टी प्रकाशाचे माप घेत नाही. शेजारच्या भागांची परस्परांशी तुलना करून ती वस्तूचा मूळ रंग ठरविते. एडविन लँड आणि जॉन मॅककॅन या संशोधकांनी १९७१ साली या क्षमतेविषयी आपला ‘रेटिनेक्स’ सिद्धान्त विस्ताराने मांडला. डोळ्याचा पडदा आणि मेंदूचे बाह्यक यांच्या इंग्रजी नावांची सांगड घालून हा शब्द तयार झाला आहे.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण एडवर्ड अ‍ॅडलसन यांनी १९९५ साली तयार केले. बुद्धिबळासारख्या पटावर एक दंडगोल ठेवला असून त्याची सावली पटावर पडली आहे, असे ते चित्र आहे. सावलीबाहेरील एक ‘काळे’ घर आणि सावलीतील एक ‘पांढरे’ घर यांच्या छटा चित्रात अगदी एकच असतात. तरीही पाहणाऱ्याला एक गडद आणि दुसरे फिकट दिसते. दोन्ही घरे सोडून उरलेले चित्र झाकले, तरच त्यांचे साम्य पटते. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा.

कॅमेऱ्याजवळ अशी समज नसते. जेवढा प्रकाश आला तेवढा अंक तो नोंदवितो. प्रकाश सर्वत्र सारखा असणे ही तर दुर्मिळ गोष्ट होय. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो, हा भौतिकशास्त्रातील नियम सर्वांना ठाऊक आहे. टेबलावर एका बाजूस लहान दिवा ठेवला आणि पानाची जवळची कड त्यापासून ३० सेंटिमीटर व दूरची कड ६० सेंटिमीटर अंतरावर असेल, तर एकाच पानाच्या दोन कडांवरील प्रकाशात चौपट तफावत पडू शकते. खुद्द भिंगही यात भर घालते. साध्या भिंगाच्या मध्यरेषेशी ३० अंशांचा कोन करून येणारा प्रकाश मध्यभागाच्या तुलनेत सुमारे ५६ टक्केच भरतो. छायाचित्राचे कोपरे काळवंडलेले दिसतात ते यामुळेच.

एकच अंक, दोन अर्थ

या असमानतेमुळे नेमके काय बिघडते हे लहानशा हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, पानाच्या उजेडातील भागात कोऱ्या कागदाचा अंक २२० आणि शाईचा अंक ११० आहे. पानाच्या दुसऱ्या भागावर सावली पडल्यामुळे तेथे निम्माच प्रकाश पोहोचतो. मग तेथे कोऱ्या कागदाचा अंक ११० आणि शाईचा अंक ५५ होईल. म्हणजे ११० हा अंक एके ठिकाणी शाई दर्शवितो आणि दुसऱ्या ठिकाणी कोरा कागद.

आता हे पान निव्वळ काळ्या-पांढऱ्या रंगात रूपांतरित करावयाचे आहे. त्यासाठी एक सीमा ठरवावी लागते. तिच्याहून कमी अंक असलेला बिंदू काळा आणि जास्त अंक असलेला बिंदू पांढरा. सीमा १५० ठेवली तर सावलीतील संपूर्ण कागद काळा होईल आणि त्यातील अक्षरे त्या काळोखात बुडून जातील. सीमा ८० ठेवली तर सावलीतील अक्षरे उमटतील, पण उजेडातील सारी अक्षरे पुसली जातील. दोन्ही भागांना न्याय देणारी एकही सीमा येथे अस्तित्वात नाही. जपानमधील शास्त्रज्ञ नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ साली प्रतिमेतील अंकांच्या आयतालेखावरून सर्वोत्तम सीमा शोधण्याची सुंदर रीत मांडली. सारख्या प्रकाशातील पानाला ती आजही उत्तम लागू पडते. परंतु संपूर्ण पानासाठी सीमा एकच असल्यामुळे असमान प्रकाशापुढे तीही निरुपाय ठरते.

मराठी लिखाणात तर या दोषाची किंमत अधिकच मोजावी लागते. आपल्या लिपीत अर्थाचा भार पुष्कळदा एखाद्या टिंबावर किंवा मात्रेवर असतो. अनुस्वार गळाला की ‘शिंदे’ यांचे ‘शिदे’ होते. मात्रा पुसली की ‘खोत’ या शब्दाचा ‘खात’ होतो. मोडी लिखाणात तर शब्दांमध्ये जागा सोडण्याचाही प्रघात नव्हता, आणि टाकातील शाई संपत आली की अक्षरे फिकट होत जात. एकर आणि गुंठ्यांच्या आकड्यांबाबत काय होऊ शकते, याची कल्पना महसुली कामाचा अनुभव असलेल्यांना सहज करता येईल. चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो. तेव्हा एका आकड्याची चूक ही शेताच्या बांधाची चूक ठरू शकते.

भागाकाराचे तत्त्व

प्रतिमेतील अंक हा गुणाकार असेल, तर त्यावरील उपाय भागाकार हाच असणार. वरील उदाहरणात उजेडातील शाईला तेथल्याच कागदाने भागले असता ११० भागिले २२० म्हणजे ०.५ मिळतात. सावलीतील शाईला सावलीतील कागदाने भागले असता ५५ भागिले ११० म्हणजे पुन्हा ०.५ मिळतात. दोन्ही ठिकाणी कोऱ्या कागदाचे उत्तर १ येते. प्रकाश कमी-अधिक होता, ही गोष्टच या भागाकारातून नाहीशी झाली आणि कागद व शाई यांचे खरे नाते शिल्लक राहिले. या प्रक्रियेला तीव्रतेचे प्रसामान्यीकरण असे म्हणता येईल. तंत्रज्ञांच्या बोलण्यात ‘इंटेन्सिटी नॉर्मलायझेशन’ हा शब्द येतो तो हाच.

मात्र भागावयाचे कशाने, म्हणजे प्रत्येक ठिकाणी किती प्रकाश पडला होता हे कळावयाचे कसे, हा यातील खरा प्रश्न आहे. त्याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर खगोलशास्त्रज्ञांच्या परिपाठात सापडते. दुर्बिणीतून घेतलेल्या प्रतिमेत भिंगे, आरसे, धूळ आणि संवेदक यांचे दोष मिसळलेले असतात. म्हणून संध्याकाळच्या किंवा पहाटेच्या सारख्या उजळलेल्या आकाशाची वेगळी प्रतिमा घेतली जाते आणि ताऱ्यांच्या प्रतिमेला तिने भागले जाते. पुणे जिल्ह्यातील गिरवली येथील आयुकाच्या २ मीटर व्यासाच्या दुर्बिणीसारख्या साधनांच्या बाबतीत ही नित्याची पूर्वतयारी होय. दस्तऐवजाच्या बाबतीत आकाशाची जागा कोरा पांढरा कागद घेतो. कॅमेरा, दिवे आणि मेज जागचे न हलविता प्रथम कोऱ्या कागदाचे आणि नंतर त्याच जागी दस्तऐवजाचे छायाचित्र घेतले, तर प्रकाशाचा नकाशाच हाती येतो. कॅमेरा बहुधा प्रकाशाचे सरळ माप न देता ते एका वक्रानुसार बदलून देत असतो; म्हणून अत्यंत काटेकोर मोजमापासाठी कॅमेऱ्याची मूळ, संस्कार न केलेली नोंद वापरावी लागते.

पूर्वी काढलेल्या प्रतिमांसोबत असा कोरा नकाशा नसतो. तेथे तो प्रतिमेतूनच अजमावावा लागतो. प्रकाश पानावर हळूहळू बदलतो, तर अक्षरांच्या कडा एकाएकी बदलतात, या भेदाचा येथे उपयोग केला जातो. प्रत्येक बिंदूभोवतीच्या विस्तृत चौकोनातील कागदाची सर्वसाधारण पातळी काढावयाची आणि त्या पातळीने बिंदूला भागावयाचे, ही त्याची साधी रीत. दुसऱ्या एका रीतीत चौकोनातील अंकांचा मध्य बिंदूतून वजा करून त्यास प्रमाण विचलनाने भागतात. प्रकाश निम्मा झाला की मध्य आणि प्रमाण विचलन दोन्ही निम्मी होत असल्याने उत्तर तेच राहते. ॲलन ओपेनहाइम, रोनाल्ड शेफर आणि थॉमस स्टॉकहॅम यांनी १९६८ साली मांडलेला मार्ग गणिताच्या शिक्षकांना विशेष आवडेल. लॉगरिदम घेतले की गुणाकाराची बेरीज होते. मग सावकाश बदलणारा प्रकाशाचा भाग गाळून टाकणे सोपे जाते, आणि शेवटी उलट क्रिया केली की सुधारलेली प्रतिमा मिळते.

स्टीफन पायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रतिमेच्या लहान लहान भागांचा आयतालेख स्वतंत्रपणे पसरविण्याच्या रीतीचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. हा पसर अमर्याद होऊन कोऱ्या जागेतील बारीक ठिपके भडक होऊ नयेत, म्हणून त्यावर मर्यादा घालण्याची सोयही तीत आहे. फिनलंडमधील सौवोला आणि पिएटिकायनेन यांनी २००० साली दस्तऐवजांसाठी प्रत्येक बिंदूची सीमा त्याच्या परिसरावरून ठरविण्याची रीत दिली. संपूर्ण गावाला एकच पट्टी न लावता प्रत्येक वस्तीची परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा, असे या रीतींचे सार सांगता येईल.

पानावरून रानाकडे

हे तत्त्व कागदापुरते मर्यादित नाही. शेतीच्या प्रश्नाशीही त्याचा निकटचा संबंध आहे. उपग्रहातून दिसणाऱ्या सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर सकाळी सावली असते, तर पूर्व उतारावर ऊन असते. एकाच प्रकारचे रान दोन्ही उतारांवर असले तरी प्रतिमेतील अंक निराळे येतात. वनस्पती-निर्देशांकात ही अडचण बऱ्याच अंशी भागाकारानेच दूर होते. हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि डोळ्याला न दिसणारा निकट अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवितात. या दोन अंकांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागले की निर्देशांक मिळतो. उन्हातील रानाचे अंक ६० आणि २० असतील, तर ४० भागिले ८० म्हणजे ०.५. सावलीत तेच अंक ३० आणि १० झाले, तरी २० भागिले ४० म्हणजे ०.५ हेच उत्तर येते.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत या निर्देशांकाचा समावेश पिकांची स्थिती जोखण्याच्या साधनांत करण्यात आला. अर्थात हवेतील धुरकट थर आणि आकाशाचा विखुरलेला निळसर प्रकाश हे गुणले जात नाहीत. ते मूळ अंकात मिळविले जातात. भागाकाराने ते जात नाहीत. त्यांची वजाबाकी आधी वेगळी करावी लागते. दोष कोणत्या जातीचा आहे हे ओळखल्याशिवाय उपाय लागू पडत नाही, हा धडा येथेही मिळतो.

जे नाही ते आणता येत नाही

आता या विवेचनातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळले पाहिजे. सुधारणेमुळे लपलेली अक्षरे दिसू लागतात, म्हणून ती हवे ते दाखवू शकते असा समज होण्याचा संभव असतो. तो समज चुकीचा आणि घातकही आहे.

पहिली मर्यादा पायऱ्यांची आहे. सावली इतकी दाट असेल की प्रकाशाचा सोळावा हिस्साच पोहोचतो, तर वरच्या उदाहरणातील कागदाचा अंक सुमारे १४ आणि शाईचा सुमारे ७ राहील. उजेडात या दोहोंमध्ये ११० पायऱ्या होत्या. येथे अवघ्या सात उरल्या. सोळा पटींनी गुणून उजळपणा परत येतो, परंतु गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. फिकट शाई आणि कागदावरील डाग यांतील बारीक फरक याच पायऱ्यांमध्ये साठविलेला असतो. शिवाय प्रकाश एक चतुर्थांश झाला की त्यातील स्वाभाविक चढउतार प्रकाशाच्या तुलनेत दुप्पट होतात. सावली उजळली की ते ठिपक्यांच्या रूपाने वर येतात, आणि एखादा ठिपका अनुस्वार म्हणून वाचला जाऊ शकतो.

दुसरी मर्यादा अतिप्रकाशाची आहे. झगझगीत भागात अंक २५५ वर जाऊन थांबला की कागदही २५५ आणि फिकट शाईही २५५. तेथे भागावयास काहीच उरत नाही. म्हणून चकचकीत कागदावर थेट फ्लॅश मारणे हे सावलीहूनही अधिक नुकसान करणारे ठरते.

तिसरी मर्यादा सुधारणेच्या रीतीतच दडलेली आहे. परिसरातील पातळीने भागणारी रीत ‘जे मोठे आणि सावकाश बदलणारे, तो प्रकाश’ असे मानून चालते. परंतु कार्यालयाचा मोठा भरीव शिक्का, शाईचा रुंद फराटा किंवा ओलीचा जुना डाग हेही तिच्या हिशेबात प्रकाशाचेच चढउतार ठरतात. मग शिक्क्याचा मधला भाग पोकळ होतो, डाग नाहीसा होतो आणि खाडाखोडीची खूण फिकट पडते. पान स्वच्छ दिसू लागते. पण ज्या खुणेवरून दस्तऐवजाचा खरेपणा ठरावयाचा, तीच निघून गेलेली असते.

वर उल्लेखिलेले थॉमस स्टॉकहॅम हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफितीतील साडेअठरा मिनिटांच्या रिकाम्या जागेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञमंडळाचे एक सदस्य होते. दबलेला संकेत उठावदार करण्याच्या शास्त्रातील त्यांचा अधिकार मोठा होता. तरीही त्या मंडळाने १९७४ साली असाच निर्वाळा दिला की ही जागा एकापेक्षा अधिक वेळा पुसली गेली आहे आणि तेथील बोलणे ज्ञात उपायांनी परत मिळविता येणार नाही. तज्ज्ञाची प्रतिष्ठा अशा स्पष्ट नकारानेच वाढते.

याच्या उलट प्रकार २०१३ साली जर्मनीतील संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रिझेल यांनी उघडकीस आणला. काही प्रतीमुद्रण यंत्रे पानाची प्रतिमा साठविताना जागा वाचविण्यासाठी एकमेकांसारखे दिसणारे तुकडे एकच मानीत असत. त्यामुळे घराच्या आराखड्याच्या प्रतीत निरनिराळ्या खोल्यांची क्षेत्रफळे चक्क एकच छापली गेली. आकडा अस्पष्ट झाला नव्हता; तो सुबक आणि स्पष्ट होता, पण चुकीचा होता. अलीकडे अस्पष्ट अक्षरे स्वतःच्या अंदाजाने पूर्ण करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही सहज मिळू लागली आहेत. त्यांच्याबाबत हा इशारा अधिकच लागू होतो. प्रसामान्यीकरणात आधीच्या अंकांचे परस्परनाते जपले जाते. अंदाजाने अक्षर भरणारे साधन नवीन मजकूर निर्माण करते. अभिलेखाच्या कामात या दोहोंमधील सीमारेषा ओलांडली जाता कामा नये.

पुरावा आणि त्याची राखण

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून अमलात आला आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यादाखल सादर करण्याची रीत दिलेली असून त्यासोबतच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात ‘हॅश’ मूल्य नमूद करावयाचे असते. हॅश म्हणजे त्या फायलीवरून गणिताने काढलेला ठसाच होय. फायलीतील एका बिंदूचा अंक बदलला तरी हा ठसा बदलतो. याचा अर्थ असा की उजळलेली प्रत आणि मूळ प्रतिमा या कायद्याच्या व्यवहारातही दोन वेगळ्या फायली आहेत. मूळ फाइलवरच सुधारणा करून ती पुन्हा त्याच नावाने साठविली, तर मूळ नोंद कायमची हरवते, आणि पुढे शंका उपस्थित झाल्यास ती दूर करण्याचे साधनही हाती उरत नाही.

यावरून काही साधे नियम सहज निघतात. मूळ रंगीत प्रतिमा हात न लावता जतन करावी. सुधारणा तिच्या नकलेवर करावी आणि नकलेच्या नावातच तसा उल्लेख असावा. कोणत्या साधनाने व कोणत्या दिवशी सुधारणा केली, याची एका ओळीची नोंद ठेवावी. नक्कल वाचून निष्कर्ष काढताना शंकास्पद जागा मूळ प्रतिमेशी, आणि शक्य असेल तेथे प्रत्यक्ष कागदाशी, ताडून पाहावी. फोनमधील दस्तऐवज टिपण्याच्या अनेक सुविधा न विचारताच सावली काढून पान काळे-पांढरे करतात. अभिलेखासाठी छायाचित्र घेताना हा पर्याय बंद ठेवावा.

तथापि सर्वांत स्वस्त सुधारणा ती, जी छायाचित्र घेण्यापूर्वीच केली जाते. दोन सारखे दिवे पानाच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, सुमारे ४५ अंशांच्या कोनात ठेवले की एकाची सावली दुसरा भरून काढतो. दिवे नसतील तर थेट ऊन न येणाऱ्या मोठ्या खिडकीजवळ पान ठेवून, खिडकीसमोरच्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा करावा. त्यावरून परतणारा उजेड सावलीतील कडेला मिळतो. फोन पानाला समांतर धरावा. जाड वही बळजबरीने सपाट न करता तिच्या दोन्ही पानांची छायाचित्रे वेगवेगळी घ्यावीत. आरंभी कोऱ्या पांढऱ्या कागदाचे एक छायाचित्र घेण्याची सवय ठेवली, तर पुढील सुधारणा अंदाजावर न राहता मोजमापावर उभी राहते. या कामासाठी खर्चाची फारशी तरतूद लागत नाही. लागते ती थोडी शिस्त.

शाळांनीही या विषयाकडे पाठ फिरवू नये. एका कागदावर गडद शाईचे दोन पट्टे काढून त्यांतील एकावर वहीची सावली पाडावी, छायाचित्र घ्यावे आणि संगणकावर चारही ठिकाणचे अंक विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावेत. गुणोत्तर काढताच दोन्ही पट्टे जवळजवळ सारखे असल्याचे मुलांना स्वतःच्या हिशेबाने उमगेल. गुणोत्तर, मध्य, आयतालेख आणि लॉगरिदम हे पाठ्यपुस्तकातील शब्द आजोबांच्या जुन्या सातबाराशी कसे जोडलेले आहेत, हे या प्रयोगातून दिसते.

महाराष्ट्रातील गावोगावच्या दप्तरांत आणि घरोघरच्या पेट्यांत अजून असंख्य पाने आपल्या वाचकाची वाट पाहत आहेत. त्यांतील शाई वर्षागणिक फिकट होत आहे आणि कागद ठिसूळ होत आहे. काही पानांचे छायाचित्र कदाचित एकदाच घेतले जाईल आणि पुढच्या पिढ्यांना तेवढाच आधार उरेल. म्हणून ते छायाचित्र सारख्या उजेडात घेतले जावे, त्यावरील सुधारणा माहितीपूर्वक आणि उघडपणे केली जावी, आणि जे वाचता येत नाही त्यापुढे ‘अवाच्य’ असेच लिहिण्याचा प्रामाणिकपणा राखला जावा. अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी एवढी दक्षता घेतली, तर सावलीत सापडलेल्या एका ओळीपायी कोणाही नागरिकाचा न्याय्य हक्क डावलला जाणार नाही.